मामांची गाडी आणि अ‍ॅम्बॅसिडरचं इंजिन

(1979 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिलाय, 'निवृत्तीनंतर काय करतोस?' माझ्या आधी बोलले त्यांच्यातल्या एकाने नर्मदा परिक्रमा केली, एकीने साठीला आल्यावर संस्कृत घेऊन एम. ए. केलं. मी तीन वर्षं एक गाडी दुरुस्त केली. एकच. त्यामुळे आधीच सांगतो, यात पुण्य वगैरे काही नाही, हात मात्र पुष्कळ काळे झालेत.

ती गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली आहे. आपण शाळेत असताना कधीमधी शाळेच्या फाटकाशी एक लाल, बुटकी, बिनटपाची गाडी येऊन थांबायची. माझे मामा मला सोडायला यायचे. तिच्या दाराला बाहेरून कडीच नव्हती. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडायचं. ती दोरी ओढायला मिळावी म्हणून तुम्ही लोकांनी मला किती गोट्या आणि चिंचा दिल्यात, ते मी विसरलेलो नाही.

ती एमजीए, 1957 ची. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन नावाचं गाव आहे, तिथे 1955 ते 1962 या काळात या गाड्या झाल्या. एक लाखाच्या थोड्या वर झाल्या आणि त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या. ही मुंबईला आली. तिथल्या एका कंपनीचा साहेब मायदेशी परत जाताना 1968 साली मामांनी ती घेतली आणि स्वतः चालवत कोल्हापूरला आणली. मामा तेव्हा तिशीत. आजोबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

1973 च्या उन्हाळ्यात खंबाटकी घाटात रेडिएटरची नळी फुटली. मामांच्या लक्षात येईपर्यंत पाणी संपलं होतं. इंजिन इतकं तापलं, की बीडाच्या ठोकळ्यालाच तडा गेला. त्या काळी इंग्लंडहून इंजिन मागवायचं म्हणजे परवाना, परकीय चलन आणि मंत्रालयातली ओळख, तिन्ही लागायचं. मामांकडे तिन्हीपैकी काही नव्हतं. गाडी वर्षभर उभी राहिली.

मग उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाले, "अहो, हे तर आपल्या अ‍ॅम्बॅसिडरचं इंजिन आहे."

आणि ते खरं होतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने एक इंजिन बनवलं, त्याला ते 'बी सीरीज' म्हणत. तेच मॉरिस ऑक्सफर्डमध्ये, तेच एमजीएमध्ये, आणि तेच हिंदुस्थान मोटर्सने कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला अ‍ॅम्बॅसिडरमध्ये बसवलं. दोन्हीकडे 1489 सी.सी., चार सिलिंडर, तीन मेन बेअरिंग. फरक पाहुणचारातला. एमजीएच्या इंजिनाला दोन एसयू कार्बोरेटर, दाब जास्त, ताकद आधी 68 आणि पुढे 72 अश्वशक्ती. अ‍ॅम्बॅसिडरला एकच कार्बोरेटर, दाब कमी, ताकद पन्नाशीच्या आसपास. म्हणजे सख्खे भाऊ, एक तालमीत गेला आणि एक कचेरीत लागला.

मिस्त्रींनी भंगारात निघालेल्या एका टॅक्सीचं इंजिन आणलं. ते नव्याने बांधलं, मागची प्लेट आणि फ्लायव्हील जुन्या इंजिनाची लावली, एमजीएचा गिअरबॉक्स तसाच ठेवला आणि दोन्ही कार्बोरेटर मॅनिफोल्डसकट नव्या हेडवर चढवले. भोकाला भोक जुळलं. 1974 च्या पावसाळ्याआधी गाडी रस्त्यावर आली, आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढला, आणि तुमच्या चिंचांचा पुरवठा पुन्हा सुरू झाला. तडा गेलेला जुना ठोकळा परसात गेला. त्यावर मामी पाण्याची घागर ठेवायच्या.

1991 साली मामी गेल्या. त्यानंतर मामांनी गाडी शुक्रवार पेठेतल्या घरामागच्या शेडमध्ये लावली आणि बाहेर काढली नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

मी आयुष्यभर पुण्याला एका कारखान्याच्या देखभाल विभागात होतो. 2021 साली निवृत्त होऊन कोल्हापूरला आलो आणि शेडचं दार उघडलं. त्याच वर्षी केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर, पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. माझ्या डोक्यात एकदम पक्कं बसलं. हे टॅक्सीचं इंजिन काढायचं आणि इंग्लंडहून अस्सल एमजीएचं आणायचं. आता मागवणं पूर्वीसारखं अवघड नाही.

मामांना सांगितलं. ते त्र्याऐंशी वर्षांचे. आरामखुर्चीतून म्हणाले, "आधी आहे ते चालू कर. मग काढायचं का ते बघू."

मला वाटलं, दोन महिन्यांचं काम.

इंजिन जाम होतं. अशा इंजिनाला सेल्फ मारणं म्हणजे त्याचे हात-पाय मोडणं. प्लग काढले, चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि थांबलो. रोज सकाळी चहानंतर पुढून हँडल घालून जरासा जोर द्यायचा, हललं नाही की परत यायचं. नवव्या दिवशी हँडल बोटभर हललं. मी इतका मोठा ओरडलो की शेजारच्या आजी बाहेर आल्या. वरचं झाकण काढलं तर एक व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला आणि त्याची पुशरॉड वाकलेली. चेंबरमधून ऑइल निघालं नाही, डांबर निघालं. ते सगळं साफ केलं, नवं ऑइल भरलं आणि प्लग न लावताच इंजिन फिरवत राहिलो, ऑइल प्रेशरचा काटा जागचा हलेपर्यंत. तीस वर्षं कोरड्या बेअरिंगवर इंजिन चालू करायचं नसतं, एवढं तरी मला कळत होतं.

टाकी उतरवली. आतलं पेट्रोल गोठून त्याचा राळेसारखा थर झाला होता. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोलचा पंप विजेचा आहे, मागे बसवलेला, त्याचे पॉइंट घासून साफ केले. हा पंप टिकटिक करतो. कार्बोरेटर भरले की गप्प बसतो. त्या आवाजावरून पुष्कळ कळतं, हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तो दिवस मी आनंदाने सांगावा असा नाही. एका कार्बोरेटरची सुई अडकली आणि पेट्रोल ओसंडून खाली ठिबकायला लागलं. या इंजिनात कार्बोरेटर आणि धुराड्याचा पाइप एकाच बाजूला असतात, कार्बोरेटर वर, तापलेला पाइप खाली. मी चावी बंद केली आणि आग विझवायचं नळकांडं हातात घेऊन पाच मिनिटं तसाच उभा राहिलो. पेटलं नाही. मामा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, आणि शेडला दार एकच आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळं काम अंगणात.

आता खरा त्रास. गाडी सुरू व्हायची, जागेवर छान चालायची. रस्त्यावर काढली की पाच-सात किलोमीटरवर बंद. कधी लगेच सुरू व्हायची, कधी दहा मिनिटांनी. शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत जायचं आणि मोबाइलवर मेकॅनिक शोधत बसायचं, हा माझा पाच महिन्यांचा दिनक्रम होता. केर्लीच्या फाट्यावर चहावाला मला बघितलं की न विचारता कप भरायचा.

मी काय काय केलं? कार्बोरेटर दोनदा उघडले. पंपाचा पडदा बदलला. नवी कॉइल लावली. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं, सहा हजारांचं, ते चावी फिरवल्याबरोबर जळलं. आणि दर वेळी घरी येऊन मामांना म्हणायचो, "मामा, हे इंजिन या गाडीचं नाही. ते हिला कधी मानवणारच नाही." मामा काही बोलायचे नाहीत. इंग्लंडमधल्या इंजिनाची किंमत मी काढून ठेवली होती. अर्धे पैसे पाठवायचे एवढंच बाकी होतं.

इथे आपल्या वर्गातला एक जण येतो. त्याचं नाव घेत नाही, कारण तो मागच्या रांगेत बसलाय आणि नाव घेतलं की उठून जाईल. शाळेतही तो मागेच बसायचा. दहावीला आपण गणिताच्या पेपरला बसलो तेव्हा हा रिक्षाच्या वायरिंगला बसला होता. चाळीस वर्षं त्याने तेच काम केलं. मी त्याच्याकडे गेलो तो कॉइल तपासून घ्यायला.

त्याने आधी विचारलं, "बॅटरीची कुठली तार बॉडीला हाय?"

मी म्हटलं, "निगेटिव्ह. सगळ्या गाड्यांत असते तशी."

"बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. एमजीएत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटच्या मागे, आणि अर्थ पॉझिटिव्हला असतो. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांची ती पद्धत. मिस्त्रींनी 1974 साली ती तशीच ठेवली होती. म्हणजे किट उलट्या करंटने जाळलं मी, आणि नवी कॉइलही उलटी जोडली मीच. कॉइल उलटी असली तरी गाडी चालते, पण ठिणगी अशक्त होते. तीस वर्षं कारखान्यात मी पोरांना आधी अर्थ तपासायला सांगत होतो.

कॉइल सरळ केली. इंजिनाला जरा दम आला, पण केर्लीला गाडी परत बंद. मी पुन्हा त्याच्याकडे. तो म्हणाला, "आरं, बंद पडल्यावर काय बघतोस? बंद पडताना बघ की."

त्याने एक बारा व्होल्टचा छोटा बल्ब घेतला. एक तार कॉइलच्या ज्या टोकाला डिस्ट्रिब्युटर जोडलेला असतो तिथे लावली, दुसरी बॉडीला, आणि बल्ब ओढून आणून डॅशबोर्डखाली टांगला. सर, आठवीत तुम्ही आम्हाला सेल, बल्ब आणि तार देऊन वर्तुळ पूर्ण करायला लावलं होतंत, तेवढंच हे. इंजिन चालू असताना डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडतात, मिटतात. उघडले की बल्ब लागतो, मिटले की विझतो. त्यामुळे तो फडफडत राहतो. गाडी बंद पडत असताना बल्बही फडफडतच असेल, तर एवढ्या वाटेत दोष नाही, आधी पेट्रोल बघायचं. बल्ब विझला, तर कॉइलपर्यंत करंट येत नाही किंवा कुठेतरी अर्थ लागलाय. आणि एकसारखा पेटून राहिला, तर कॉइलपासून पॉइंटपर्यंतची वाट तुटली आहे.

आम्ही दोघं निघालो. केर्लीच्या अलीकडे गाडीने आचके दिले. बल्ब शेवटपर्यंत फडफडत होता. तो म्हणाला, "करंट हाय. पेट्रोल न्हाय."

मी चावी तशीच ठेवून उतरलो आणि सवयीने मागे जाऊन टाकीच्या झाकणाला हात घातला. तो ओरडला, "थांब! काय करतोयस?"

"पेट्रोल किती आहे बघतोय."

"दर वेळी बघतोस?"

"बहुतेक वेळी."

तो मागे आला, खाली वाकून पंपाला कान लावला. पंप गप्प. मग त्याने झाकण सावकाश फिरवलं. सुस्स करून टाकीत हवा शिरली, आणि पंप टिकटिक करायला लागला.

झालं होतं असं. टाकीतून पेट्रोल जाईल तशी आत हवा यायला हवी, आणि तिची वाट झाकणातच असते. जुनं झाकण गंजलेलं म्हणून मी बाजारातून नवं चकचकीत आणलं होतं. त्याला वाटच नव्हती. पाच-सात किलोमीटरमध्ये टाकीत इतकी पोकळी व्हायची, की पंपाला पेट्रोल ओढता यायचं नाही. गाडी बंद पडायची, मी झाकण उघडून बघायचो, दोष निघून जायचा, आणि मी वहीत लिहायचो, 'इंजिन गार झाल्यावर सुरू झाली.' ती वही माझ्याकडे आहे. कारखान्याच्या शिस्तीने तारीख, वेळ, तापमान सगळं लिहिलंय. झाकण उघडल्याचा उल्लेख एकदाही नाही.

जुनं झाकण घासून, भोक मोकळं करून परत लावलं. अकरा दिवस गाडी चालली. बाराव्या दिवशी भर शिवाजी पुलावर बंद, मागे एसटी, एसटीचा हॉर्न. पण बल्ब होता. या वेळी तो फडफडत नव्हता, एकसारखा पेटला होता.

घरी आणून डिस्ट्रिब्युटर उघडला. आत वीतभरही नाही अशी एक तार असते, बाहेरच्या टोकापासून पॉइंटपर्यंत. दिसायला धडधाकट. मित्राने चिमट्याने हळूच ओढली तर ती रबरासारखी ताणली. आतलं तांबं तुटलेलं, नुसतं वरचं वेष्टण शाबूत. गाडी रस्त्यावर सहज पळत असते तेव्हा इंजिनाच्या ओढीने पॉइंटची प्लेट थोडी फिरते, ठिणगी लवकर पडावी म्हणून. तेवढ्या फिरण्याने तुटकी टोकं सुटायची. गाडी थांबली की प्लेट जागेवर, टोकं परत एकमेकांना चिकटायची. म्हणून थांबल्यावर कितीही तपासा, सगळं ठीकच. हे लगेच सुरू व्हायचं दुखणं, आणि झाकणाचं ते दहा मिनिटांचं. दोन्ही एकाच वहीत मिसळून मी त्यांचा एक आजार करून ठेवला होता आणि त्याला नाव दिलं होतं, परकं इंजिन.

बारीक बारीक तांब्याच्या धाग्यांची मऊ तार मित्राने आपल्या डब्यातून काढून डाग दिली. पैसे विचारले तर म्हणाला, "चाळीस रुपये. उधार ठेवतो."

चार दोष निघाले. किट, कॉइल आणि झाकण माझ्या हातचे. तार झिजली ती वयाने. इंजिनात काही नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत मामांना घेऊन पन्हाळ्याला गेलो. मामा सहा महिन्यांत अंगणाच्या बाहेर पडले नव्हते. गाडी एवढी बुटकी, की त्यांना आत बसवायला मी आणि माझा मुलगा दोघे लागलो. ते डाव्या सीटवर बसले. ती मामींची जागा. त्यांनी बसल्या बसल्या कडेला हात घालून दोरी आहे का ते बघितलं. वाघबीळच्या पुढे चढ लागला तसा मी दुसऱ्या गिअरमध्ये आलो, एक डोळा रस्त्यावर, एक डोळा पाण्याच्या काट्यावर. काट्यावर अंश फॅरनहाइटमध्ये आहेत. तो 190 च्या पुढे गेला नाही. मामा काट्याकडे बघत नव्हते. ते बॉनेटकडे कान देऊन होते. वर पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तीन दरवाजाजवळ गाडी लावली. मी म्हटलं, "मामा, इंग्लंडचं इंजिन मागवत नाही."

ते म्हणाले, "मागव की. आता मला चालेल. चालत्या इंजिनाला काढलं तर त्यात त्याचा अपमान नाही." आणि थोड्या वेळाने, "मिस्त्री असते तर त्यांना आणलं असतं."

मी मागवलं नाही. व्हिंटेजचा नंबर मिळणार नाही, न मिळो. आरसी बुकात 1974 सालच्या शाईत तो टॅक्सीचा नंबर आहे, तो बरा आहे. परसातल्या ठोकळ्यावर आता माझी बायको तुळशीची कुंडी ठेवते.

गाडी आज बाहेर कडुनिंबाखाली उभी आहे. मामा आत बसलेत. सभागृहात चला म्हटलं तर म्हणाले, भाषणं फार होतात. चहाच्या सुट्टीत ज्यांना फेरी मारायची असेल त्यांनी यावं, एका वेळी एकालाच बसता येईल, तेही मामा उठायला तयार असले तर. दोरी कुणीही ओढा, चिंचा नकोत, मधुमेहाची औषधं चालू आहेत. डॅशबोर्डखाली एक बल्ब लोंबतोय, त्याला हात लावू नका. तो मी काढलेला नाही. आणि मागच्या रांगेतल्या माणसाला कुणीतरी चाळीस रुपये द्या, माझ्याकडे सुट्टे नाहीत.